लसिका ग्रंथीतील ‘सांगाडा’ प्रतिकार प्रतिसादाचे नियंत्रण कसे करतो?

नवशिकी:

मी रोगप्रतिकारशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. गेल्या सत्रात उंदराच्या काखेतील आणि जांघेतील लसिका ग्रंथींमधून पेशी वेगळ्या करण्याचे प्रात्यक्षिक आम्हाला होते. पद्धत साधी होती. ग्रंथी ७० मायक्रॉनच्या नायलॉन जाळीवर ठेवायची, सिरिंजच्या दट्ट्याने हलक्या हाताने चोळायची, वरून बफर सोडायचे आणि खाली उतरलेल्या गढूळ द्रवातल्या पेशी मोजायच्या. प्रत्येक वेळी जाळीवर पांढऱ्या दोऱ्यांचा एक चिवट पुंजका उरत असे. तो काय आहे असे मी विचारले तेव्हा ‘तो नुसता सांगाडा, टाकून द्या’ असे उत्तर मिळाले आणि आम्ही तो जाळीसकट टाकून दिला.

आता एका परीक्षण लेखात वाचते आहे की त्या पुंजक्यातल्या स्ट्रोमल पेशी (म्हणजे ग्रंथीचा सांगाडा आणि वाहिन्यांची अस्तरे घडवणाऱ्या पेशी) संख्येने ग्रंथीतील एकूण पेशींच्या एक टक्क्याच्याही आत असतात, तरी लिम्फोसाइट (टी आणि बी पेशी) कुठे जाणार, किती काळ जगणार आणि विभाजन कधी थांबवणार हे बऱ्याच अंशी त्याच ठरवतात. माझी अडचण अशी आहे की या पेशींना प्रतिजन (प्रतिकार पेशी ओळखू शकतात असा रेणू) ओळखणारे टी किंवा बी पेशींसारखे ग्राही नसतात. ज्याला शत्रू ओळखताच येत नाही, तो लढाईचे नियंत्रण कसे करणार? शिवाय त्याच लेखात एका पानावर या पेशी टी पेशींना पोसतात असे आहे आणि पुढच्या पानावर त्या टी पेशींना रोखतात असे आहे. दोन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकते, आणि यातले माणसाच्या बाबतीत कितपत सिद्ध झाले आहे, हे कोणी समजावून सांगेल का?

पेशीपुराण:

तुम्ही टाकून दिलेला पुंजका हाच या संपूर्ण शाखेचा विषय आहे, आणि ही शाखा इतकी उशिरा का बहरली याचे कारणही तुम्ही वर्णन केलेल्या पद्धतीतच आहे. स्ट्रोमल पेशी कोलॅजेनच्या तंतूंना लपेटून बसलेल्या असतात. ते तंतू विकरांनी (एन्झाइमांनी) विरघळवल्याशिवाय त्या सुटत नाहीत, त्यामुळे कित्येक दशके ‘लसिका ग्रंथीतील पेशी’ याचा व्यवहारातला अर्थ ‘जाळीतून खाली पडलेल्या पेशी’ असाच राहिला.

आधी नावे. रक्तपेशींच्या कुळाची खूण असलेले सीडी४५ ज्यांच्यावर नाही अशा या पेशी आहेत. पोडोप्लॅनिन आणि सीडी३१ या दोन खुणा वापरल्या की त्यांचे चार गट पडतात. पोडोप्लॅनिन आहे पण सीडी३१ नाही त्या फायब्रोब्लास्टिक रेटिक्युलर पेशी, म्हणजे एफआरसी. दोन्ही आहेत त्या लसिकावाहिन्यांच्या अस्तरपेशी, फक्त सीडी३१ आहे त्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी, आणि दोन्ही नसलेल्यांचा एक संमिश्र गट उरतो. ही विभागणी आता ढोबळच मानली जाते. २०१८ मध्ये उंदराच्या ग्रंथींतील एकेका पेशीचे आरएनए वाचले गेले, तेव्हा वाहिन्यांच्या अस्तरपेशी वगळून उरलेल्या स्ट्रोमल पेशींमध्येच नऊ वेगळे समूह दिसले.

आता तुमचा मूळ प्रश्न. शत्रू न ओळखता नियंत्रण कसे, हे समजण्यासाठी एका टी पेशीचा प्रवास पाहू. लिम्फोसाइट रक्तातून ग्रंथीत, ग्रंथीतून लसिकेत आणि पुन्हा रक्तात असे फिरत राहतात हे गोवन्स आणि नाइट यांनी १९६४ मध्ये मोठ्या उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, आणि ते ग्रंथीत शिरतात ते उंच अस्तराच्या विशिष्ट शिरिकांमधून, हेही त्याच कामातून स्पष्ट झाले. ते अस्तर स्ट्रोमाचाच भाग आहे. आत आलेल्या टी पेशीला पुढची वाट सीसीएल१९ आणि सीसीएल२१ ही केमोकाइन (पेशींना आपल्याकडे ओढणारी प्रथिने) दाखवतात, आणि टी पेशींच्या विभागात त्यांचा मोठा स्रोत एफआरसी असतात. बी पेशींच्या पुटकांत (गोलाकार वस्त्यांत) सीएक्ससीएल१३ हे केमोकाइन असते, म्हणून बी पेशी तिकडे वळतात. थोडक्यात, ग्रंथीच्या कापात जे सुबक विभाग दिसतात ते लिम्फोसाइटांनी आखलेले नसून त्यांच्या यजमानांनी आखलेले असतात. २००६ मध्ये जिवंत ग्रंथीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर तर असे दिसले की टी पेशी मोकळ्या जागेत भरकटत नाहीत, एफआरसींच्या जाळ्याला धरून सरकतात. त्यांचा वेग मिनिटाला साधारण दहा ते पंधरा मायक्रॉन असतो, प्रतिजन आणून टी पेशींना दाखवणाऱ्या डेंड्रिटिक पेशीही त्याच जाळ्यावर बसलेल्या असतात, आणि एखाद्या प्रतिजनाला जुळणारी टी पेशी लाखात किंवा दहा लाखांत एखादीच असते. ती एक पेशी आणि ते प्रतिजन घेऊन आलेली डेंड्रिटिक पेशी यांची गाठ एका दिवसाच्या मुक्कामात पडते, ती दोघींनाही एकाच जाळ्यावर आणल्यामुळे. गाठ घालून देणाऱ्याला दोघींचे बोलणे कळण्याची गरज नसते.

हे जाळे आतून पोकळही आहे. एफआरसी ज्या कोलॅजेनला लपेटतात त्या गाभ्यातून लसिका झिरपते आणि साधारण ७० किलोडाल्टनपेक्षा लहान रेणू त्यातून ग्रंथीच्या खोल भागात, थेट त्या उंच अस्तराच्या शिरिकांपर्यंत पोहोचतात. त्याहून मोठे कण, अख्खे जिवाणू वगैरे, बाहेरच्या पोकळीतच अडतात आणि तिथल्या मॅक्रोफेजच्या (भक्षक पेशींच्या) हाती लागतात. नाशिककडच्या द्राक्षबागेत मांडवाच्या तारेलाच ठिबकची नळी बांधलेली असते. त्या तारेकडे फक्त आधार म्हणून पाहणाऱ्याला पाणी कुठून येते ते कळणार नाही. आमच्या शाखेने लसिका ग्रंथीच्या बाबतीत फार काळ तेच केले.

राहिला पोषणाचा भाग. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात असे दिसले की अननुभवी टी पेशींना जगण्यासाठी लागणारे आयएल-७ हे संकेत-प्रथिन ग्रंथीत मुख्यतः एफआरसीच तयार करतात. त्याचा अर्थ असा की प्रतिजनाशी कधीच गाठ न पडलेली टी पेशी ग्रंथीमागून ग्रंथी फिरत राहते ती शोधासाठी तर खरीच, पण शिदोरीसाठीही.

आणि विरोधाभास. तो काळाच्या ओघात पाहिला तर मला विरोधाभास वाटत नाही. २०११ मध्ये तीन स्वतंत्र गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवले की उत्तेजित टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे संकेत-प्रथिन सोडतात, तो एफआरसींना जाणवला की त्या नायट्रिक ऑक्साइड तयार करू लागतात, आणि त्यामुळे टी पेशींचे विभाजन मंदावते. म्हणजे रोखण्याची सुरुवातच टी पेशींच्या ओरड्याने होते. शांत ग्रंथीत हा ब्रेक लागलेला नसतो, तिथे फक्त पोषण चाललेले असते. नायट्रिक ऑक्साइड अल्पजीवी वायू असल्यामुळे त्याचा परिणामही जवळपासच्या पेशींपुरता राहतो. टी पेशी जितक्या जोरात, तितका ब्रेक घट्ट. यात एफआरसीला प्रतिजन ओळखण्याची गरज कुठेच पडत नाही.

काचपट्टी:

मी विकृतिशास्त्रात आहे आणि रोज लसिका ग्रंथी कापून पाहणे हेच माझे काम आहे, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या उंदरांपेक्षा माणसांच्या ग्रंथींविषयी थोडे लिहितो.

आपल्याकडे पायाला काटा लागून पिकले की जांघेत गाठ येते, तिला जुनी माणसे ‘अवधाण आले’ म्हणतात. ती गाठ दोन-चार दिवसांत फुगते आणि जखम बरी झाली की हळूहळू ओसरते. विद्यार्थ्यांना मी नेहमी विचारतो की ग्रंथीला मजबूत तंतूंचे जाळे आणि बाहेरून आवरण असताना ती इतक्या लवकर फुगते कशी, आणि फुगूनही आतील विभाग विस्कटत कसे नाहीत? बहुतेक जण ‘पेशी वाढतात’ एवढेच सांगतात. पेशी वाढतात हे खरे, पण त्यांना जागा कोण करून देते?

याचे उत्तर २०१४ आणि २०१५ मध्ये दोन गटांच्या कामातून मिळाले. एफआरसी स्नायूपेशींसारख्या आकुंचनशील असतात आणि एरवी जाळे ताणून धरतात. हा ताण टिकवण्यात पोडोप्लॅनिनचा हात असतो. जखमेकडून आलेल्या उत्तेजित डेंड्रिटिक पेशींवर क्लेक-२ नावाचे प्रथिन असते. ते पोडोप्लॅनिनला जुळले की एफआरसीच्या आतली आकुंचनाची यंत्रणा सैल पडते, पेशी लांबते आणि जाळे न तुटता ताणले जाते. एफआरसींची स्वतःची संख्या वाढते ती त्यानंतर. दोरखंड कापून तंबू मोठा करता येत नाही, दोरखंड सैल सोडावे लागतात, तसाच हा प्रकार आहे. म्हणजे अवधाण ही स्ट्रोमाने दिलेली परवानगी आहे, आणि ती परवानगी मागायला डेंड्रिटिक पेशी येते.

याच पोडोप्लॅनिनचे दुसरे काम मला अधिक विस्मयकारक वाटते. उंच अस्तराच्या शिरिकांतून लिम्फोसाइटांची सतत ये-जा चालू असताना तिथून रक्त का गळत नाही, हा जुना प्रश्न होता. २०१३ मध्ये दाखवले गेले की शिरिकेभोवतीच्या एफआरसींवरील पोडोप्लॅनिन हे बाहेर डोकावणाऱ्या बिंबिकांवरील (प्लेटलेटवरील) क्लेक-२ ला चिकटते, त्या बिंबिका स्फिंगोसिन-१-फॉस्फेट सोडतात आणि अस्तरपेशींचे सांधे त्याने घट्ट राहतात. ज्या उंदरांमध्ये पोडोप्लॅनिन नव्हते त्यांच्या ग्रंथींमध्ये रक्तस्राव दिसला.

तुम्ही तुमच्या विभागात विनंती करून एखाद्या ग्रंथीच्या कापावर रेटिक्युलिनचे चांदीचे रंजन करून घ्या. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंजनात फक्त जांभळ्या ठिपक्यांची गर्दी दिसते, कारण लिम्फोसाइटांचे केंद्रक सगळे दृश्य व्यापून टाकतात. चांदीच्या रंजनात ती गर्दी फिकी पडते आणि काळ्या बारीक रेषांचे जाळे उभे राहते. टी पेशींच्या विभागात ते दाट असते आणि पुटकांच्या मध्यभागी जवळजवळ नसते. पुटकाच्या मध्यात आधार नाही असे मात्र समजू नका. तिथे फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशी असतात, ज्यांना तंतूंची तेवढी गरज नसते. त्याही रक्तपेशींच्या कुळातल्या नाहीत, नाव तसे असले तरी. त्या प्रतिपिंडाने वेढलेले प्रतिजन आपल्या पृष्ठभागाशी महिनोन्महिने सांभाळून ठेवतात आणि बी पेशी ते तिथून ओढून घेऊन आपली पकड तपासून पाहतात. ज्या बी पेशीची पकड अधिक घट्ट ती अधिक ओढून घेते आणि टी पेशीची मदत तिला मिळते. लस घेतल्यानंतर कित्येक आठवडे प्रतिपिंडांची प्रत सुधारत राहते, त्यात या पेशींचा मोठा वाटा आहे.

आणि हे जाळे बिघडले तर काय होते, ते एचआयव्हीमध्ये दिसते. दीर्घकाळच्या दाहामुळे ग्रंथीत कोलॅजेन साचत जाते, टी पेशी एफआरसींवरच्या आयएल-७ पर्यंत पोहोचू शकत नाहीत आणि मरतात. दुसऱ्या बाजूने, एफआरसींना टिकून राहण्यासाठी टी पेशींकडून लिम्फोटॉक्सिन हे संकेत-प्रथिन लागते, म्हणून टी पेशी घटल्या की एफआरसीही घटतात. काही रुग्णांमध्ये औषधांनी विषाणू पूर्ण आटोक्यात येऊनही सीडी४ पेशींची (एचआयव्ही ज्यांना लक्ष्य करतो त्या टी पेशींची) संख्या अपेक्षेइतकी वर येत नाही, त्यामागचे एक कारण हे मानले जाते. म्हणून उपचार लवकर सुरू करण्याला माझ्या दृष्टीने एक रचनात्मक अर्थही आहे, कारण एकदा व्रण पडलेले जाळे पूर्ववत होणे फार अवघड असते.

शंकेखोर:

वरची दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, तरी प्रश्नाचा शेवटचा भाग, म्हणजे माणसात किती सिद्ध झाले आहे, थोडा निसटला. तेवढ्यापुरते लिहितो.

नायट्रिक ऑक्साइडची सगळी कथा उंदरांची आहे. माणसाच्या ग्रंथीतून एफआरसी काढून टी पेशींसोबत वाढवल्या तर त्या टी पेशींना रोखतात हे खरे, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामानुसार त्यासाठी वेगळी साधने वापरली जातात: आयडीओ हे विकर, अडेनोसिनचा मार्ग, प्रोस्टाग्लँडिन ई२ आणि टीजीएफ-बीटा. हेतू तोच आणि हत्यारे वेगळी, असे ते चित्र आहे. म्हणून ‘एफआरसी नायट्रिक ऑक्साइडने टी पेशी रोखतात’ हे वाक्य परीक्षेत लिहिताना ‘उंदरांमध्ये’ हा शब्द विसरू नका.

दुसरी गोष्ट संवर्धनातील प्रयोगांची. तबकडीत एफआरसी आणि टी पेशी यांचे प्रमाण आपण ठरवतो. ग्रंथीत एका एफआरसीमागे टी पेशींचा मोठा जमाव असतो, तर तबकडीत बऱ्याचदा ते प्रमाण एफआरसींच्या बाजूने झुकलेले असते, त्यामुळे ब्रेक प्रत्यक्षापेक्षा जोरदार दिसण्याची शक्यता असते. ग्रंथीतल्या एफआरसी हेतुपुरस्सर नष्ट केल्यावर काय होते, हा अधिक प्रामाणिक प्रश्न आहे. २०१४ मध्ये असे प्रयोग झाले आणि त्यांत टी व बी दोन्ही पेशींचा प्रतिसाद दुबळा पडलेला दिसला. ब्रेक काढला तर गाडी वेगात जायला हवी होती, ती बंद पडली. म्हणजे गोळाबेरीज करता पोषणाची आणि रचनेची बाजू भारी आहे असा मी त्याचा अर्थ लावतो. अर्थात इथेही एक मेख आहे. पेशी नष्ट करण्यासाठी वापरलेल्या खुणा, उदाहरणार्थ एफएपी, स्नायूत आणि अस्थिमज्जेतही आढळतात. त्या पेशी मेल्याने उंदीर खंगतो, आणि खंगलेल्या प्राण्याचा प्रतिकार प्रतिसाद तसाही मंदच असतो. प्रयोगकर्त्यांनी याची काळजी घेतलेली असते, पण वाचणाऱ्यानेही ती घ्यावी.

नवशिकी:

सर्वांचे आभार. गाठ घालून देणाऱ्याला बोलणे कळण्याची गरज नसते, या वाक्याने माझा पहिला प्रश्न सुटला. पण एक नवी शंका निर्माण झाली. त्याच परीक्षण लेखात पुढे म्हटले आहे की स्ट्रोमल पेशी शरीरातील इतर अवयवांची प्रतिजनेही स्वतः तयार करून टी पेशींना दाखवतात. ग्रंथीत बसलेल्या पेशीला त्वचेचे किंवा आतड्याचे प्रथिन तयार करण्याचे कारणच काय?

पेशीपुराण:

कारण थायमसमधून (टी पेशी जिथे घडतात त्या छातीतल्या अवयवातून) सगळ्याच स्वविरोधी टी पेशी गाळल्या जात नाहीत. थायमसमध्ये जसे अवयवांच्या प्रथिनांचे नमुने दाखवून धोकादायक टी पेशी काढून टाकल्या जातात, तसेच दुसरे गाळण ग्रंथींमध्ये चालते. हे गाळण स्ट्रोमल पेशी करतात, हे २००७ मध्ये आतड्याच्या एका प्रतिजनाच्या आधारे दाखवले गेले. सर्वांत स्वच्छ उदाहरण टायरोसिनेजचे आहे. हे विकर त्वचेतील रंगपेशींचे, पण ग्रंथीतील लसिकावाहिन्यांच्या अस्तरपेशीही ते थोड्या प्रमाणात तयार करतात आणि त्याचा तुकडा सीडी८ (मारक) टी पेशींना दाखवतात. मात्र उत्तेजनाला लागणारे दुसरे, पूरक संकेत त्यांच्याकडे नसतात. उलट टी पेशीवरील पीडी-१ या ग्राहीला जुळून तिला रोखणारे पीडी-एल१ भरपूर असते. अशा भेटीत टी पेशी थोडी विभागते आणि मग मरते. उंदरांमध्ये पीडी-१ चा हा मार्ग अडवला तेव्हा त्या टी पेशी वाचल्या आणि प्राण्यांना कोड झाले.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला हा एक अपवादही आहे, हे मला मान्य केले पाहिजे. इथे स्ट्रोमल पेशी प्रतिजन ‘ओळखत’ नाही, पण दाखवते, आणि दाखवण्याची पद्धत हाच निकाल असतो.

शंकेखोर:

पीडी-१ रोखणारी औषधे घेणाऱ्या मेलानोमाच्या (रंगपेशींच्या कर्करोगाच्या) रुग्णांमध्ये कोड उमटते, हे दवाखान्यात दिसते. पण ते ग्रंथीतल्या अस्तरपेशींमुळेच होते असे त्यावरून म्हणता येत नाही, कारण पीडी-एल१ त्वचेत आणि कर्करोगाच्या गाठीतही असते. कथा जुळते म्हणून ती सिद्ध झाली असे नाही.

पेशीपुराण:

मान्य. नवशिकी, पुढच्या वेळी तो पुंजका वाचवायचा असेल तर जाळी आणि दट्टा बाजूला ठेवा. ग्रंथीचे आवरण दोन सुयांनी फाडा आणि ती कोलॅजेनेज-पी, डिस्पेज आणि डीएनेज-१ यांच्या मिश्रणात ३७ अंशांवर ठेवा. घुसळू नका. थोड्या थोड्या वेळाने मोठ्या तोंडाच्या पिपेटने सावकाश वरखाली करा, सुटलेल्या पेशींचा द्रव काढून बर्फावरच्या नळीत जमा करा आणि उरलेल्या तुकड्यांवर ताजे विकर घाला. पहिल्या दोन खेपांना जवळजवळ फक्त लिम्फोसाइटच येतील. कंटाळून तिथे थांबू नका. एफआरसी शेवटच्या खेपेत, दोरे दिसेनासे झाल्यावर सुटतात. नंतर सीडी४५ असलेल्या पेशी चुंबकीय मण्यांनी काढून टाका, नाहीतर फ्लो सायटोमीटरवर शंभरात एखादा ठिपका शोधत बसावे लागेल.